झामेक

आमच्या भाषेत या एका शब्दाला तीन दारं आहेत.
झामेक म्हणजे किल्ला,
झामेक म्हणजे कुलूप,
आणि झामेक म्हणजे चेन :
जॅकेटची, तंबूची, तान्ह्याच्या झोपायच्या पिशवीची.
लुब्लिनमध्ये टेकडीवर पांढरा किल्ला आहे,
कुलूपवाले गल्लोगल्ली.
चेनवाली मी, टेकडीखाली,
तळघरात, चार पायऱ्या उतरून.

"झामेक, लुब्लिन" असं कुणी शोधलं
की आधी किल्ला येई, त्याच्या वेळा, त्याचं तिकीट,
मग अपरात्री दार फोडून देणारे.
किंगाने सातव्या पानापर्यंत बोट घासलं
आणि म्हणाली, मावशी, जेवून घेऊ.

जानेवारीत सेवेरिन नावाचा गृहस्थ आला.
ओला कोट, कोरडं हसू.
तीस दिवसांत पहिलं पान, म्हणाला.
पैसे घेतले, आणि माझ्या पानाच्या तळाशी
पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत
ऐंशी वेळा लिहून ठेवलं
चेन दुरुस्ती लुब्लिन चेन दुरुस्ती लुब्लिन
माणसाला दिसू नये, यंत्राला दिसावं असं.
मी शिंप्याची पोर,
आतली कच्ची शिवण मला बाहेरून कळते.
तरी गप्प बसले. हाव.
मार्चमध्ये सातव्या पानावरूनही गेले.

ती ऐंशी वाक्यं मी स्वतः उसवली,
एका रविवारी, चष्मा लावून.

मग फोनशेजारी वही ठेवली.
माझ्या पानावर ठळक अक्षरांत होतं :
"वस्त्र-बंधन यंत्रणांची व्यावसायिक सेवा".
असं कुणी बोलत नाही.
लोक म्हणतात, चेन लागते हो, पण मागून उघडत जाते.
म्हणतात, एकच दात पडलाय, अख्खी बदलणार का?
एक आजोबा म्हणाले, बायकोचा कोट आहे,
ती आता नाही, चेन मात्र तीच राहू द्या.

मी त्यांचे प्रश्न उतरवले, त्यांच्याच तोंडचे,
आणि खाली उत्तरं.
मागून उघडते? बहुधा रनर झिजलाय. पंधरा झ्लॉटी.
कॉफी पिऊन या, तोवर होईल.
दात मधलाच गेला असेल तर बदलावी लागेल, उगाच आशा लावत नाही.
सोमवारी बंद.
गुडघे दुखत असतील तर वरची घंटा वाजवा, मी येते.
खोगीर मला जमत नाही, इग्नात्सीकडे जा, हा त्याचा पत्ता.
(त्यानेही मग त्याच्या पानावर माझा टाकला.
मी मागितला नव्हता.)
किंगाने फोटो हलके केले.
आधी ते इतके जड, की उघडेपर्यंत
गिऱ्हाईक सेफ्टी पिन लावून मोकळं होई.

एप्रिल गेला.
मे गेला. फोन वाजला तो वीजबिलाचा.
सेवेरिनची आठवण आली, खोटं का बोलू.

जूनमध्ये एक बाई अख्खा तंबू खांद्यावर घेऊन उतरली.
"मागून उघडते असं टाइप केलं," म्हणाली,
"तर तुम्ही निघालात."
तिच्या पाठोपाठ काही झुंबड उडाली नाही.
आठवड्याला चार. मग नऊ.
थंडी आली तशी रांग पायऱ्यांवर, पण तिसऱ्या पायरीपर्यंतच,
आणि माझे हात दोनच आहेत.

आता मी कधी तिसरी असते, कधी सहावी.
रोज बघत नाही.
वर किल्ला असतोच. तो माझ्या खिडकीतूनही वरच दिसतो,
त्याच्याशी कसलं भांडण.

काल एक परदेशी जोडपं चुकून आत आलं,
दोन तिकिटं मागू लागलं.
झामेक वर, मी बोट दाखवलं.
हसली, वळली.
पोराच्या पाठीवरची पिशवी
कडेपासून कडेपर्यंत आ वासून उघडी,
आत पाण्याची बाटली, नकाशा, एक सफरचंद.

थांब रे, म्हटलं,
आणि दिवा जवळ ओढला.